तर्कशास्त्र : अजिंठा ते नागसेनवन



दिंद्रुड आणि आसपासच्या गावांतून दरवर्षी आपली पोरं-पोरी बारावी होऊन माजलगाव, बीड, अंबाजोगाई किंवा थेट औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कॉलेजात जातात. त्यांच्यापैकी एखाद्याने कला शाखेत तत्त्वज्ञान हा विषय घेतला, की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "हे घेऊन पुढं काय?" प्रश्न रास्त आहे. ज्या भागातली माणसं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परततात, त्या भागातल्या आईबापांना असा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली असते. तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र हे पोट भरलेल्यांचे विषय, शास्त्री-पंडितांचे विषय, आपला त्यांच्याशी काय संबंध, अशी ती समजूत. नोकरीचा प्रश्न बाजूला ठेवू, त्याकडे शेवटी येऊच. पण "आपला संबंध काय" याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास फार लांबचा नाही. त्यातला बराचसा आपल्या मराठवाड्यातच घडला आहे.

आधी हा विषय म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांना तत्त्वज्ञान म्हटले की देव, आत्मा, मोक्ष एवढेच आठवते. पहिल्या वर्षाला शिकवतात ते फार साधे असते. विधान म्हणजे काय, युक्तिवाद म्हणजे काय, एका विधानावरून दुसरे निघते की नाही हे कसे तपासायचे. एक उदाहरण सगळ्या पुस्तकांत असते. जिथे धूर तिथे अग्नी. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. हे बरोबर. आता उलटे करा. जिथे अग्नी तिथे धूर. हे चूक. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा पाहा, अग्नी आहे पण धूर नाही. जुन्या पंडितांनी हेच तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण दिले आहे. आज घरोघर गॅस आल्यामुळे आपल्या मायमाऊल्यांना ते जास्त लवकर समजेल. "सगळे अमुक तमुक असतात" यावरून "सगळे तमुक अमुक असतात" असे निघत नाही, एवढे एक जरी पोरगं नीट शिकून आलं तरी गावातल्या निम्म्या भांडणांतला खोटेपणा त्याला दिसू लागतो.

दुसरी गोष्ट शिकवतात ती तर्कदोषांची. एका गोष्टीच्या मागोमाग दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण, हा त्यातला प्रसिद्ध दोष. पायाळू माणसाने जागा दाखवली, विहीर खोदली, पाणी लागले, म्हणून पायाळूला पाणी दिसते! पाणी लागले नाही त्या विहिरी कोणी मोजत नाही. आपल्याकडे याला फार सुंदर नाव आहे, काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ. तिसरा दोष म्हणजे बोलणे सोडून बोलणाऱ्यावर घसरणे. "तू कोण सांगणारा?" हा प्रश्न विचारला की मुद्द्याला उत्तर दिल्यासारखे वाटते, पण उत्तर दिलेले नसते. हा दोष आपल्या समाजाने जितका सोसला तितका दुसऱ्या कोणी सोसला नसेल. मुद्दा काय आहे हे न पाहता कोण बोलतो आहे ते पाहायचे, हीच तर जातिव्यवस्थेची रीत होती.

आश्वलायन माणवकाची गोष्ट

आता इतिहासाकडे वळू. त्रिपिटकातील मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. अस्सलायन म्हणजे आश्वलायन, सोळा वर्षांचा ब्राह्मण विद्यार्थी, वेदात पारंगत. श्रावस्तीला जमलेले पाचशे ब्राह्मण त्याला म्हणतात, की श्रमण गौतम चारही वर्णांच्या शुद्धीची भाषा करतो, तू जाऊन त्याच्याशी वाद कर. पोरगा हुशार. तो आधी नाहीच म्हणतो, गौतम धम्मवादी आहे, त्याच्याशी वाद करणे अवघड आहे म्हणतो. शेवटी आग्रहाखातर जातो.

तथागत त्याला रागावत नाहीत, उपदेशही करीत नाहीत. ते प्रश्न विचारतात. ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात की नाही? त्या गरोदर राहतात, बाळंत होतात, लेकराला पाजतात की नाही? मग ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले हे कसे? योन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि तिथे मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? मग चार वर्ण सगळीकडचे, कायमचे, हे कसे? त्यानंतर येतो अग्नीचा प्रश्न. क्षत्रिय-ब्राह्मणांनी साल, चंदन अशा उंची लाकडाने अग्नी पेटवला, आणि चांडाळ-निषादांनी कुत्र्याच्या डोणीचे, डुकराच्या डोणीचे किंवा एरंडाचे लाकूड घेऊन पेटवला. पहिल्या अग्नीला ज्योत, रंग, उजेड आहे आणि दुसऱ्याला नाही असे होते का? पहिल्याने काम भागते आणि दुसऱ्याने भागत नाही असे होते का? आश्वलायनाला प्रत्येक वेळी "नाही, भन्ते गौतम" असेच म्हणावे लागते.

यात काय चालले आहे ते बघा. समोरच्याला मान्य असलेल्या गोष्टींपासून सुरुवात, त्याच्याच तोंडून एकेक विधान वदवून घेणे, आणि शेवटी त्याचा दावा त्याच्याच उत्तरांशी जुळत नाही हे दाखवणे. कॉलेजात ग्रीसच्या सॉक्रेटिसाची संवादपद्धती म्हणून जे शिकवतात ते याच जातीचे. सॉक्रेटिसाचा तास जरूर ऐकावा. पण तो ऐकताना आपल्या पोराला आश्वलायन आठवला पाहिजे. आणि आठवायचा तर तो आधी विहारात ऐकलेला पाहिजे. आपण बहुतेक वेळा सुत्त वाचतो ते वंदनेसाठी, युक्तिवाद म्हणून फार क्वचित वाचतो.

दिङ्नाग अजिंठ्याला राहत असे

पुढे सुमारे हजार वर्षांनी, इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात, आचार्य दिङ्नाग झाले. परंपरा त्यांना दक्षिणेतील कांची परिसरातले आणि आचार्य वसुबंधूंचे शिष्य मानते. त्यांचा 'प्रमाणसमुच्चय' हा ग्रंथ म्हणजे भारतातल्या तर्कशास्त्राचा टप्पाच. चिनी भिक्खू युआन श्वांग सातव्या शतकात, इ. स. ६४१ च्या आसपास, महाराष्ट्रात आला होता. तेव्हा दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. त्याने एका डोंगरातल्या विहाराचे वर्णन लिहून ठेवले आहे, दरवाजाशी दगडी हत्ती असलेला, डोंगर कोरून केलेला विहार. अभ्यासक तो विहार म्हणजे अजिंठाच असे मानतात. आणि त्याच ठिकाणी युआन श्वांग सांगतो, की दिङ्नाग बोधिसत्त्व या विहारात अनेकदा मुक्कामाला असत.

आपण सहली काढतो, लेणी पाहतो, पद्मपाणीचे चित्र पाहून हात जोडतो, डबा खाऊन परत येतो. या जागी तर्कशास्त्राचा एक मोठा आचार्य राहून गेला, हे आपल्या सहलीत कोणी सांगत नाही. सांगायला पाहिजे.

दिङ्नागांनी केले काय? दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे प्रमाणे दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान. डोळ्यादेखत कळते ते, आणि त्यावरून नीट विचार करून कळते ते. नैयायिक आणखी दोन मानीत, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे थोरामोठ्यांचे, शास्त्राचे वचन. दिङ्नाग म्हणतात, वचन हे वेगळे प्रमाण नाही. ते खरे असेल तर अनुमानाच्या कसोटीला उतरेल, नसेल तर उतरणार नाही. 'पोथीत लिहिलंय' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव घातला पाहिजे असे मांडले. त्या मांडणीचे बीज किती जुने आहे ते इथे दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे हेतूची तीन लक्षणे, ज्याला त्रैरूप्य म्हणतात. शब्दाला घाबरू नका, गोष्ट आपल्या रोजच्यातली आहे. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे. इथे धूर हा हेतू, म्हणजे कारण म्हणून दिलेली खूण. ती खूण खरी ठरायला तीन अटी. एक, ती खूण त्या डोंगरावर खरेच असली पाहिजे. माजलगावच्या धरणावर हिवाळ्यात सकाळी पांढरे दिसते ते धुके, धूर नव्हे. दोन, जिथे अग्नी असल्याचे आपल्याला ठाऊक आहे अशा ठिकाणी, उदाहरणार्थ स्वयंपाकघरात, ती खूण आढळली पाहिजे. तीन, जिथे अग्नी नाही अशा ठिकाणी, उदाहरणार्थ तळ्यात, ती खूण कधीच आढळता कामा नये. ही तिसरी अट सर्वात कडक, आणि माणसे नेमकी तीच विसरतात. दिङ्नागांनी 'हेतुचक्र' म्हणून नऊ घरांचा तक्ता केला. हेतू किती प्रकारे असू शकतो त्याचे नऊ प्रकार. त्या नऊपैकी दोनच बरोबर, बाकीचे सात फसवे.

आता ही तीन अटींची कसोटी आपण आपल्या जिव्हाळ्याच्या विधानाला लावून बघू. "हा बुद्धिमान असणार, कारण तो वरच्या जातीत जन्मला." पहिली अट : तो त्या जातीत जन्मला आहे का? आहे. दुसरी अट : जे बुद्धिमान म्हणून ठाऊक आहेत त्यांच्यात त्या जातीचे कोणी आहेत का? आहेत. इथपर्यंत युक्तिवाद ऐटीत चालतो. जग इथेच थांबते आणि म्हणते, बघा, पटलं ना? तिसरी अट : जे बुद्धिमान नाहीत त्यांच्यात त्या जातीचे कोणीही असता कामा नये. इथे सगळा डोलारा कोसळतो. मठ्ठ माणसे सगळ्या जातींत असतात, हे सांगायला ग्रंथ लागत नाही. हेतू दोन्हीकडे सापडतो, म्हणून तो काहीच सिद्ध करीत नाही. याला अनैकान्तिक हेतू म्हणतात. आणि लक्षात ठेवा, हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. "तो आपल्या समाजाचा आहे म्हणून खरे बोलतो", "तो त्या समाजाचा आहे म्हणून खोटे बोलतो", ही विधानेसुद्धा तिसऱ्या अटीलाच पडतात.

दिङ्नागांच्या नंतर सातव्या शतकात धर्मकीर्ती झाले. त्यांचा 'प्रमाणवार्तिक' हा ग्रंथ दिङ्नागांच्या ग्रंथाचेच विवरण, पण मूळ ग्रंथापेक्षा तोच जास्त गाजला. बुद्धी नष्ट झाल्याची पाच लक्षणे त्यांनी एका श्लोकात मोजली आहेत. वेदाला प्रमाण मानणे, कोणीतरी जगाचा कर्ता आहे असे मानणे, स्नानाने पुण्य मिळते असे मानणे, जातीचा गर्व करणे आणि पाप जावे म्हणून देहाला क्लेश देणे. तेराशे वर्षांपूर्वीच्या माणसाने जातीचा गर्व हे जडबुद्धीचे लक्षण म्हणून तर्काच्या ग्रंथात नोंदवून ठेवले!

मग हे सगळे गेले कुठे? नालंदा उजाड झाली, विहार ओस पडले, भिक्खू तिबेट-नेपाळकडे गेले. दिङ्नागांचा मूळ संस्कृत ग्रंथ हरवला, तिबेटी भाषांतरात राहिला. धर्मकीर्तींचा 'न्यायबिंदू' मात्र एका वेगळ्याच ठिकाणी सापडला, खंभातच्या जैन मंदिराच्या ग्रंथभांडारात. जैन मुनींनी विरोधकांचा ग्रंथसुद्धा शतकानुशतके जपून ठेवला, हे त्यांचे उपकार मानले पाहिजेत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या पीटर पीटरसन यांनी १८८९ साली तो टीकेसह छापला. पुढे राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले, मठामठांत धूळ खात पडलेल्या ताडपत्रांच्या पोथ्या शोधल्या, आणि त्यांतून प्रमाणवार्तिकाचे मूळ संस्कृत पुन्हा जगासमोर आले. रशियाच्या श्चेरबात्स्की यांनी १९३० ते १९३२ मध्ये लेनिनग्राडहून बौद्ध तर्कशास्त्रावर दोन खंड काढले.

इथे एक गोष्ट मनाला लागते. पीटरसन ज्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवीत होते, त्याच कॉलेजात पुढे १९०८ ते १९१२ या काळात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी शिकला. पण त्याआधी, शाळेतच, त्याला संस्कृत घेऊ दिले नव्हते. अस्पृश्य म्हणून. त्याला फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेत धर्मकीर्तीने जातीच्या गर्वाला जडबुद्धी म्हटले, तीच भाषा जातीच्या कारणाने त्याच्यापासून दूर ठेवली गेली. बाबासाहेबांनी नंतर स्वतःच्या कष्टाने संस्कृत आणि पाली शिकून घेतली ही गोष्ट सर्वांना माहीत आहे.

कोलंबिया

तत्त्वज्ञानाचे रीतसर शिक्षण बाबासाहेबांना मिळाले ते अमेरिकेत. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे सर्वात जास्त, एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा आणि तत्त्वज्ञानाचे पाच. अर्थशास्त्र शिकायला गेलेल्या माणसाने तत्त्वज्ञानाचे पाच अभ्यासक्रम करण्याची सक्ती नव्हती. पण तिथे प्रोफेसर जॉन ड्युई शिकवीत होते. माणूस विचार कसा करतो यावर ड्युईंचे पुस्तक १९१० सालीच निघाले होते. अडचण आली की विचार सुरू होतो, मग अंदाज, मग पडताळणी, असे ते सांगत. 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी आपले गुरू म्हणून ड्युईंचे नाव कृतज्ञतेने घेतले आहे. जून १९५२ मध्ये कोलंबियाने बाबासाहेबांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्याच सुमारास, १ जूनला, ड्युई वारले. गुरु-शिष्यांची भेट राहून गेली.

शिकलेला तर्क बाबासाहेबांनी कसा वापरला याचे एकच उदाहरण देतो. जातीचे समर्थक म्हणत, जात म्हणजे श्रमविभागणी, आणि श्रमविभागणी तर सगळ्या सुधारलेल्या देशांत असते. बाबासाहेबांनी दाखवले, की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे. एक शब्द बदलला, पण त्या एका शब्दात विरोधकाचा सगळा युक्तिवाद उघडा पडला. कारखान्यात एक जण फिरकी फिरवतो, दुसरा मोळी टाकतो, ही श्रमविभागणी. मोळी टाकणाऱ्याच्या पोराने मोळीच टाकायची आणि फिरकीवाल्याच्या घरचे पाणी प्यायचे नाही, ही माणसांची विभागणी. एक शब्द दोन अर्थांनी वापरून केलेली फसवणूक पकडणे, हे तर पहिल्या वर्षाच्या तर्कशास्त्राचेच काम.

मंतिक, इंटर आणि नागसेनवन

आपला बीड जिल्हा १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे विद्यापीठ एकच, हैदराबादचे उस्मानिया, १९१८ मध्ये सुरू झालेले, आणि शिकवण्याची भाषा उर्दू. तर्कशास्त्राला उर्दूत मंतिक म्हणतात. म्हणजे मराठी घरातल्या पोराने ही विद्या शिकायची तर आधी उर्दू, मग मंतिक. औरंगाबादेत १९२३ पासून सरकारी इंटरमिजिएट कॉलेज होते, पण बी.ए. व्हायचे तर हैदराबाद गाठावे लागे. गावकुसाबाहेरच्या पोराने हैदराबाद गाठायचे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

या अंधारात १९५० च्या जूनमध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढले. ही सोसायटी १९४५ ची, तिचे मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ चे. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते औरंगाबादच्या इमारतीची कोनशिला बसली. प्राचार्य म्हणून म. भि. चिटणीस आले, तेच पुढे 'युगयात्रा' नाटक लिहिणारे. कॉलेजला नाव दिले मिलिंद, आणि परिसराला नाव दिले नागसेनवन.

ही नावे अशीच दिलेली नाहीत. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा, राजधानी सागल. फार विद्वान आणि विद्वत्तेचा फार अभिमानी. कोणी आपल्याशी वाद करायला उरले नाही असे त्याला वाटे. तेव्हा भिक्खू नागसेन आले. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात दोघांचा संवाद आहे. रथाचा दृष्टांत सगळ्यांना माहीत असतो. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, नाही, तर मग रथ कुठे आहे? पण मला त्यातला दुसरा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. राजा म्हणतो, भन्ते, माझ्याशी आणखी चर्चा कराल का? नागसेन विचारतात, महाराज, पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर करीन, राजांसारखी करणार असाल तर करणार नाही. राजा विचारतो, यात फरक काय? नागसेन सांगतात, पंडितांच्या चर्चेत एक जण गुंता घालतो, दुसरा सोडवतो, एकाचे म्हणणे खोडले जाते, तो ते मान्य करतो, आणि कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत राजा एक गोष्ट धरून बसतो, आणि जो नाही म्हणेल त्याला दंड करायला सांगतो. मिलिंद म्हणतो, मी पंडितांसारखीच चर्चा करीन, भिक्खूशी किंवा विहारातल्या चाकराशी बोलावे तसे मोकळेपणाने बोला.

ज्या मुलांच्या आजोबांना पाटलासमोर मान वर करून बोलता येत नव्हते, त्यांच्यासाठी काढलेल्या कॉलेजच्या आवाराला बाबासाहेबांनी त्या भिक्खूचे नाव दिले ज्याने राजालाच सांगितले, दंडुका बाजूला ठेव, मग बोलू. (जाता जाता एक सांगतो. आपल्या विहार समित्यांच्या बैठका पंडितवादाने चालतात की राजवादाने, याचा विचार ज्याने त्याने करावा.)

नागसेनवनातून शिकून निघालेली पिढी प्राध्यापक झाली, लेखक झाली, अधिकारी झाली. १९५८ च्या २३ ऑगस्टला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, आणि मंतिक जाऊन तर्कशास्त्र मराठीत आले. पुढे त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे ही मागणी आली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झाले ते या स्मरणिकेच्या वाचकांपैकी ज्येष्ठांनी डोळ्यांनी पाहिले आहे. वस्त्या जळाल्या, माणसे गाव सोडून पळाली, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना जिवे मारले. नागसेनांनी ज्याला राजवाद म्हटले तो हाच. आपल्या बाजूने मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, तुरुंग भरले, कवींनी लिहिले, आणि सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. नामांतर मागितले होते, नामविस्तार मिळाला. ज्यांनी प्रदेशाच्या अस्मितेचा मुद्दा पुढे केला होता त्यांचा 'मराठवाडा' हा शब्दही नावात राहिला. दोन्ही शब्द एका पाटीवर मावले. मग एवढी घरे कोणत्या कारणासाठी जाळली गेली, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर अजून कोणी पंडितवादाने दिलेले नाही.

कालामांना काय सांगितले

एक मुद्दा मात्र आपल्याच लोकांसाठी लिहिला पाहिजे. आपल्या भाषणांत नेहमी सांगतात, की बुद्धाने कालामांना सांगितले, तर्काला पटेल तेच घ्या. अंगुत्तर निकायातले ते सुत्त काढून वाचा. केसपुत्त गावचे कालाम विचारतात, येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही काय करावे? तथागत दहा गोष्टी सांगतात ज्यांवरून एखादी गोष्ट खरी मानू नये. ऐकीव म्हणून नको, परंपरा म्हणून नको, पिटकात आहे म्हणून नको, हा श्रमण आपला गुरू आहे म्हणूनही नको. हे आपण सांगतो. पण त्याच दहांत आणखी एक आहे, नुसत्या तर्कावरून नको. मग कशावरून? हे अकुशल आहे, जाणत्यांनी निंदिलेले आहे, आचरणात आणले तर अहिताला, दुःखाला नेते, असे तुम्हाला स्वतःला कळेल तेव्हा ते सोडा. कुशल आहे, हिताला नेते असे कळेल तेव्हा ते स्वीकारा.

म्हणजे तथागतांनी तर्क नाकारला का? आश्वलायनाशी बोलताना तर तोच वापरला. नाकारला नाही, त्याची जागा दाखवली. हे कॉलेजात पहिल्याच महिन्यात वेगळ्या शब्दांत शिकवतात. युक्तिवाद बांधणीने बरोबर असणे वेगळे आणि त्यातली विधाने खरी असणे वेगळे. "सगळे मासे उडतात, रोहू मासा आहे, म्हणून रोहू उडतो." बांधणी बिनचूक, पण पहिलेच विधान खोटे. बांधणी तर्क तपासतो, विधान खरे की खोटे ते अनुभवाने, पडताळणीने कळते. वकिली तर्काने कोणीही काहीही सिद्ध करून दाखवू शकतो, आणि धर्मग्रंथांच्या समर्थकांनी ते पिढ्यान् पिढ्या केले. सोने तापवून, कापून, घासून बघावे तसे माझे वचन तपासा, हा जो दाखला आपण देतो तोही संस्कृतात शांतरक्षितांच्या आठव्या शतकातल्या 'तत्त्वसंग्रहा'त येतो. सोन्याला तीन परीक्षा आहेत, एक नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आता राहिला नोकरीचा प्रश्न. पूर्वी इंटर आर्ट्सला लॉजिक असे. दहा-दोन-तीनची पद्धत आल्यावर तर्कशास्त्र अकरावी-बारावीचा ऐच्छिक विषय झाला, पण ग्रामीण भागातल्या फार थोड्या कॉलेजांत तो शिकवला जातो. विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नाहीत, शिक्षक नाहीत म्हणून विद्यार्थी नाहीत. दुसरीकडे गंमत अशी, की लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षांत २०११ पासून, आणि आपल्या राज्यसेवेत २०१३ पासून, तर्कक्षमतेचा वेगळा पेपर आला. प्राध्यापक होण्यासाठीच्या यूजीसी-नेट परीक्षेत २०१९ पासून त्यातल्या सगळ्याच विषयांच्या उमेदवारांना पहिल्या पेपरात भारतीय तर्कशास्त्र आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती, अनुपलब्धी ही सहा प्रमाणे, व्याप्ती आणि हेत्वाभास. मराठीचा उमेदवार असो, इतिहासाचा असो, त्याला धूर आणि अग्नी वाचावाच लागतो. ज्या विषयाला आपण घरी नको म्हणतो, तोच विषय पोरं पुढे पुण्यात जाऊन, फी भरून, क्लासमध्ये चार दिवसांत घोकतात.

आणि त्या क्लासच्या गाईडमध्ये सहा प्रमाणांची नावे असतात, पण बौद्ध आचार्यांनी त्यांतली दोनच का मानली, शब्दप्रमाण का नाकारले, हे बहुधा नसते. ते सांगण्याची जागा विहार आहे. संध्याकाळी वंदनेनंतर अर्धा तास, आठवड्यातून एकदा, दहावीच्या पुढची मुलं-मुली घेऊन बसता येईल. फार मोठी तयारी लागत नाही. मिलिंदप्रश्न मराठीत मिळतो, मज्झिम निकाय मिळतो, बारावीचे तर्कशास्त्राचे सरकारी पाठ्यपुस्तक स्वस्तात मिळते. मराठीत तर्कशास्त्रावर सुरेंद्र बारलिंगे, दि. य. देशपांडे, मे. पुं. रेगे यांच्यासारख्यांनी आयुष्यभर लिहून ठेवले आहे, ते जिल्ह्याच्या ग्रंथालयातून मागवता येईल. सुरुवात अस्सलायन सुत्तापासून करावी. एका मुलाने आश्वलायन व्हावे, एका मुलीने तथागतांचे प्रश्न विचारावेत, आणि बाकीच्यांनी प्रत्येक "नाही, भन्ते" च्या जागी थांबून विचारावे, का नाही?